खालच्या मजल्यावरच्या आजी आणि वरच्या मजल्याचं गणित

पत्र असं आहे:

"काकू, आम्ही नऊ वर्षं शिकागोत आहोत. नवरा एच-१बी व्हिसावर, मीही नोकरी करते, मुलगी चार वर्षांची. पिल्सनमध्ये अठराव्या रस्त्याजवळ विटांचं एक जुनं टू-फ्लॅट, म्हणजे एकावर एक दोन घरं, बघितलं. किंमत ५,२०,००० डॉलर. वरचा मजला रिकामा आहे. खाली एक मेक्सिकन आजी, त्यांची मुलगी आणि नातू २२ वर्षं भाड्याने राहतात, भाडं ९५० डॉलर. आम्ही गेलो तेव्हा आजी मक्याच्या भाकऱ्या भाजत होत्या. एजंट त्यांच्याच ओट्यापाशी उभा राहिला, छताकडे बोट केलं आणि म्हणाला, 'इथून आतून जिना घालायचा, दोन्ही मजले एक करायचे. दीड लाखात काम होईल. पाच वर्षांत ही वस्ती ओळखू येणार नाही.' आजींना इंग्रजी येत नसावं. पण त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला लालबागची आमची चाळ आठवली. बाबा गिरणीत होते. टॉवर आला, आम्हाला खोली मिळाली, पण शेजारपाजार पांगला.

फ्रीमॉंटचे मोठे दीर म्हणतात, शिकागोत घर म्हणजे पैसे पाण्यात, थांबा आणि कॅलिफोर्नियात या. नवरा म्हणतो, आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल. मला रात्री झोप लागत नाही. घ्यावं का?"

---

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्या बंद केलेल्या गॅसपाशीच थांबले. भाषा येत नसली तरी घरात आलेला माणूस मोजमाप घ्यायला लागला की काय चाललंय ते कळतंच.

तुझे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून झोप उडाली आहे. शिकागो की कॅलिफोर्निया हा पैशाचा प्रश्न आहे. आजींचं काय हा वेगळा. आधी पैशाचा सोडवू, कारण तो सुटला की दुसऱ्यातला बराच गोंधळ आपोआप कमी होतो.

दीर सांगतात त्यात तथ्य आहे. सॅन होजे आणि आजूबाजूच्या परिसरात २०२४ मध्ये स्वतंत्र घराची मधली किंमत २० लाख डॉलरच्या वर गेली. देशातल्या एखाद्या महानगर परिसराने हा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. शिकागो परिसरात तीच किंमत साधारण साडेतीन-चार लाखांच्या घरात होती. भाव वाढायलाही शिकागोत वेळ लागतो. २००६ च्या सुमारास इथे घरांनी जो कळस गाठला होता, तिथे पुन्हा पोचायला जवळपास दीड दशक गेलं. सॅन फ्रान्सिस्को त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं. "पैसे पाण्यात" ते म्हणतात ते यावरूनच.

पण मधली किंमत, म्हणजे ज्याच्यावर निम्मी घरं आणि ज्याच्याखाली निम्मी, तो आकडा शहरा-शहरांची तुलना करायला फारसा कामाचा नाही. एका महिन्यात महागडी घरं जास्त विकली गेली तरी तो वर जातो, एकाही घराची किंमत न वाढता. त्यापेक्षा केस-शिलर निर्देशांक बघत जा. त्यात तेच घर पूर्वी केवढ्याला गेलं आणि आता केवढ्याला गेलं हे पाहतात, म्हणजे आंब्याची तुलना आंब्याशीच होते. पण तोही अख्ख्या महानगराचा असतो. शिकागोत श्रीमंत लिंकन पार्क आणि गरीब एंगलवुड एकाच सरासरीत बसतात. तुला लिंकन पार्कही घ्यायचं नाही आणि एंगलवुडही. तुला एका रस्त्यावरचं एक दार घ्यायचंय.

म्हणून महिन्याचा हिशोब मांडते. तुमच्या घराला २० टक्के भरलेत तर कर्ज ४,१६,००० चं. साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता साधारण २,६३० डॉलर. घराचा टॅक्स वर्षाला ९,००० धरला तर महिन्याला ७५०, विमा २०० धर. झाले ३,५८०. आजींचं ९५० वजा केलं की तुमच्या खिशातून २,६३० जातात.

आता एजंटचा बेत बघ. आजींचं भाडं गेलं. शिवाय दीड लाखाचं काम, तेही कर्ज काढूनच करणार ना? त्याच व्याजाने धरलं तरी महिन्याला साडेनऊशे. म्हणजे साधारण साडेचार हजार डॉलर. दोन्हीत महिन्याला एकोणीसशेचा फरक आहे, आणि जुन्या घराचं काम ठरल्या पैशांत पुरं झाल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

फ्रीमॉंटला सोळा लाखांचं घर धरलं तर आधी ३,२०,००० डॉलर रोख हवेत. पुढे नुसता हप्ता आठ हजारांच्या वर, त्यावर टॅक्सचे सोळाशे. तुमचे पगार तिथे गेल्यावर इतके वाढणार आहेत का, हे तुम्हालाच ठाऊक. वाढणार नसतील तर हा विषय इथेच बंद कर. दिरांना दुखवायची गरज नाही, हा हिशोब त्यांच्यासमोर ठेव.

एक गोष्ट मात्र कॅलिफोर्नियाची खरंच वेगळी आहे आणि तिचा संबंध तुझ्या दुसऱ्या प्रश्नाशी येतो. तिथे १९७८ पासून प्रपोझिशन १३ नावाचा कायदा आहे. टॅक्स खरेदीच्या किमतीवर बसतो आणि टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेली बाई शेजारच्या नव्या मालकाच्या तुलनेत अगदी थोडा टॅक्स भरते. त्यातून वेगळे अन्याय होतात, पण शेजारी श्रीमंत झाले म्हणून टॅक्सने तिला घराबाहेर काढलं असं होत नाही.

तुमच्या शिकागोच्या कुक काउंटीत तसं कवच नाही. दर तीन वर्षांनी घराची किंमत नव्याने ठरते. आजूबाजूला महाग घरं झाली की तुमचंही महाग ठरतं, तुम्ही भिंतीला साधा रंग लावलेला नसला तरी. २०२२ च्या डिसेंबरात जी बिलं आली त्यात पिल्सन ज्या भागात मोडतं तिथल्या घरांचं मधलं बिल एकदम सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेलं होतं. नाताळच्या तोंडावर. ज्यांनी ती घरं कधीच फेडून टाकली होती, अशा म्हाताऱ्या माणसांना घर स्वतःचं असूनही ते परवडेनासं झालं.

जेंट्रिफिकेशन म्हणतात ते हेच. मराठीत कुणी अभिजनीकरण म्हणतं. मला तो शब्द फार गुळगुळीत वाटतो, जणू कुणी वस्तीला चार चांगल्या सवयी लावतंय. खरं तर वस्ती तीच राहते, माणसं बदलतात.

पिल्सनचं नाव चेक लोकांनी आपल्या गावावरून ठेवलं. मग पोलिश आले. मेक्सिकन कुटुंबं मोठ्या संख्येने आली ती साठच्या दशकात, आणि त्यातली कितीतरी हौसेने आली नव्हती. नियर वेस्ट साइडला इलिनॉय विद्यापीठाचा कॅम्पस बांधायचा ठरला, तो १९६५ ला उघडला, आणि तिथली घरं पाडली गेली म्हणून ती दक्षिणेला सरकली. एकदा उठवलेली माणसं होती ती. त्यांनी अठरावा रस्ता उभा केला, भिंती रंगवल्या, बेकऱ्या काढल्या, मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आणलं. तू पिंक लाइनने उतरतेस ना, त्या स्टेशनातही त्यांचीच चित्रं आहेत. २००० नंतरच्या दीड दशकात या वस्तीतून दहा हजारांवर लॅटिनो लोक कमी झाले. २०१७ मध्ये कासा आझत्लान या पूर्वीच्या समाजकेंद्राच्या भिंतीवरचं जुनं चित्र नव्या मालकाने करड्या रंगाने पुसलं. लोक इतके पेटले की त्याला मूळच्याच चित्रकाराला, रे पातलान यांना, बोलावून भिंत पुन्हा रंगवून घ्यावी लागली. चित्र परत आलं. वरच्या खोल्या भाड्याने गेल्या त्या नव्या दराने.

हे फक्त पिल्सनचं नाही. तुमच्याच शहरात ६०६ ची पायवाट २०१५ मध्ये उघडली, जुन्या रेल्वेमार्गावर, किती सुंदर आहे! पण तिच्या पश्चिमेकडच्या टोकाशी काम सुरू झाल्यापासून तीन वर्षांत घरांचे भाव ४८ टक्क्यांनी चढले. अटलांटात अशाच बेल्टलाइन पायवाटेची कल्पना ज्यांच्या प्रबंधातून आली त्या रायन ग्रॅव्हल यांनीच २०१६ मध्ये संचालक मंडळाचा राजीनामा दिला. परवडणाऱ्या घरांकडे दुर्लक्ष होतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. बाग, पायवाट, ट्रेन हे सगळं चांगलंच असतं. पण ते येतं तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्याला ते उपभोगायला उरू देत नाही, हे दुखणं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या नव्वदच्या दशकातल्या आकड्यांवर फ्रीमन आणि ब्रॅकोनी या अभ्यासकांनी २००४ मध्ये अभ्यास मांडला. अशा बदलत्या वस्तीतली गरीब घरं इतर वस्त्यांपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडताना त्यांना दिसली नाहीत, उलट काहीशी कमीच. माणसं धडपडून टिकून राहत होती, कारण वस्ती सुधारलेली त्यांनाही हवीच होती. रस्त्यावर दिवे, जवळ चांगलं दुकान, कुणाला नकोय? पण त्यातलं कुणी गेलं की त्या खोलीत पुन्हा तसा माणूस येऊ शकत नाही. म्हणून एक एक भाडेकरू टिकण्याला एवढं महत्त्व आहे. तुझ्या त्या घरात सगळा प्रश्न तीन माणसांचा आहे.

आता माझं सांगते. १९९३ मध्ये आम्ही जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. १९८७ मध्ये तिथे आपल्या लोकांवर हल्ले झाले होते, कपाळावरचं कुंकू बघून. आम्ही गेलो तेव्हाही बायका संध्याकाळी एकट्या बाहेर पडायला कचरायच्या. म्हणूनच भाडं कमी होतं. घर विकलं गेलं तेव्हा आम्हाला पत्राने नाही कळलं. नवा मालक एका रविवारी स्वतः आला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला आणि म्हणाला, माझा हप्ता इतका आहे, टॅक्स इतका आहे, मला तुमच्याकडून महिन्याला चाळीस डॉलर जास्त लागतील, पुढच्या वर्षी टॅक्स वाढला तर त्यातला वाटा मागेन, बाकी काही नाही. मी चहा केला. त्याने तो उभ्या-उभ्या प्यायला, कारण त्याला बॉयलर बघायचा होता. पुढची चार वर्षं आम्ही तिथे राहिलो. माझा धाकटा तिथेच रांगायला लागला. त्या माणसाला आमच्यापासून तोटा झाला असेल, असं मला आजही वाटत नाही. भाडं एक दिवस चुकलं नाही, आणि थंडीत त्याच्या आधी आम्ही पायऱ्यांवरचा बर्फ काढायचो.

म्हणून तुला स्पष्टच सांगते. आजींना ठेवणार असलात तर घर घ्या. त्यांना काढून जिना घालायचा असेल तर पिल्सनमध्ये घेऊ नका. दोन मजल्यांचं एकच घर हवं असेल तर शिकागोत अशी तयार घरं विकायला असतात, ज्यांच्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही.

नवरा म्हणतो, दुसरा घेईल. घेईलच, खरं आहे. पण ते कारण तुम्ही घेण्याचं आहे, जिना घालण्याचं नाही. तुम्ही घेतलंत आणि आजी राहिल्या तर त्या दुसऱ्याने घेतल्यापेक्षा बऱ्या राहिल्या. लालबागचं तू लिहिलंस, तिथेही हेच होतं ना. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, १९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या, टॉवर उभे राहिले. तुम्हाला खोली मिळाली कारण कायद्याने तुमचा हक्क धरला होता. आजींना तसा हक्क नाही. इलिनॉयमध्ये १९९७ पासून कुठल्याही शहराला भाडं नियंत्रण आणायलाच बंदी आहे, पागडी वगैरे तर सोडच. त्यांच्याकडे आहे तो फक्त मालकाचा शब्द. तो मालक आता तू होणार आहेस.

यात तुझं नुकसान किती, तेही बघू. एजंट म्हणेल बाजारभावाने खालच्या मजल्याला १,९०० मिळतील. म्हणजे आजींना ९५० ला ठेवणं वर्षाला ११,४०० डॉलर सोडणं आहे. ही रक्कम लहान नाही, आणि ती नवऱ्यापासून लपवू नकोस. पण भाडं गोठवायलाच हवं असंही नाही. आमच्या मालकासारखं कर. टॅक्सचं बिल आजींच्या मुलीला दाखव, वाढेल त्यातला वाटा माग, पहिल्या वर्षी पन्नास-पाऊणशे वाढव, आणि आधी सांग. शिकागोत तीन वर्षांहून जास्त राहिलेल्या भाडेकरूला करार संपवायचा तर १२० दिवस आधी कळवायचा नियम २०२० पासून आहे. तुला तो वापरावा लागू नये.

आता कामाच्या गोष्टी, आणि या तू माझ्या शब्दावर न सोडता वकिलाकडून ताडून घे. इलिनॉयमध्ये घराच्या व्यवहारात वकील घेतातच, आणि तो तुमचा हवा, एजंटने आणलेला नको.

सगळ्यात आधी टॅक्सचं बिल. विकणारा मालक वयस्क असेल तर त्याच्या बिलावर ज्येष्ठांची सवलत असू शकते, कदाचित किंमत गोठवलेलीही. ती त्याच्याबरोबर जाते. आज दिसतं ते बिल तुमचं नसणार. शिवाय कुक काउंटीत टॅक्स वर्षभर मागे चालतो, म्हणून क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, विकणारा तुम्हाला त्याच्या काळातल्या टॅक्सपोटी रक्कम देतो, मागच्या बिलावर हिशोब धरून. पुढचं बिल उडी मारून आलं तर ती कमी पडते. खरं बिल आल्यावर हिशोब पुन्हा करायचा, हे करारातच लिहून घ्या. पिल्सनमध्ये तर नक्कीच.

एजंटचा जिना कायद्यात बसतो का, तेही त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. २०२१ मध्ये शहराने पिल्सन आणि ६०६ च्या परिसरात बऱ्याच रस्त्यांवर टू-फ्लॅट मोडून एकच घर करण्यावर बंधन आणलं आहे. तुमचा प्लॉट त्यात येतो का, हे वकील झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधता येतं त्याच्या, नकाशावर बघून सांगेल. येत असेल तर त्या दीड लाखांच्या बेतावर बोलायचीच गरज राहत नाही.

कर्जाचं सांगते. नवरा एच-१बीवर आहे, आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही त्यांना २०२५ पासून एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, कर्ज मिळत नाही. कन्व्हेन्शनल, म्हणजे बँकेचं नेहमीचं, मिळतं. स्वतः राहणार असाल तर दोन ते चार घरांच्या इमारतीला आता पाच टक्के भरूनही मिळू शकतं, पण मी तुला तेवढ्यावर जा म्हणणार नाही. नोकरी गेली तर तुमच्या व्हिसाला साठ दिवस असतात. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच सही करा. घर विकायला सहा महिने लागले तरी चालतील इतकं तरी हाताशी हवं. खालचं ९५० तेव्हा देवासारखं वाटेल.

इमारत शंभर वर्षांची असणार. शिकागोत १९८६ पर्यंत पाण्याची शिशाची जोडणी घालायचीच पद्धत होती, आणि देशात सगळ्यात जास्त अशा नळ्या याच शहरात आहेत. तळघरात मीटरपाशी नळी येते तिथे किल्लीने हलकं खरवडून बघ. चकचकीत रुपेरी आणि मऊ निघाली तर शिसं. मुलगी चार वर्षांची आहे म्हणून हे तर करच, आणि खालच्या नातवासाठीही. गाळणी दोन्ही मजल्यांना लाव. गटाराच्या नळीत कॅमेरा घालून तपासायला सांग. पिल्सनमध्ये रस्ते वर उचललेले आहेत, तुम्ही बघितलंच असेल, अंगण फुटपाथच्या खाली राहतं आणि खालचा मजला अर्धा जमिनीत वाटतो. पाऊस झाल्यावर तिथे पाणी शिरतं का, हे इन्स्पेक्टरपेक्षा आजी जास्त खरं सांगतील.

म्हणून ऑफर देण्याआधी विकणाऱ्याच्या परवानगीने त्यांच्याकडे एकदा जा. एजंटला घेऊन नको. स्पॅनिश येणारं कुणी ऑफिसमध्ये असेल त्याला घेऊन जा. नातवाला मध्ये दुभाष्या म्हणून उभं करू नकोस, लहान मुलांच्या तोंडून घराची बातमी सांगायला लावणं बरं नाही. घर घेणार असलात तर काय ठरवलंय ते स्वतःच्या तोंडाने सांग: आम्ही वर राहणार, तुम्ही खालीच राहा, भाडं इतकं, वाढेल ते असं वाढेल. मग ते कागदावर दोन भाषांत लिहून, वर्षाचा करार कर. त्यांचं डिपॉझिट जुन्या मालकाकडे असेल तर ते क्लोजिंगला तुमच्याकडे वळतं करून घे, नाहीतर पुढे तेही तुम्हालाच द्यावं लागेल.

आणि त्या एजंटला एक निरोप दे, मराठीत नाही तर इंग्रजीत: पुढच्या वेळी बोलायचं असेल ते फुटपाथवर.

ऑफर मान्य झाली की तिथे साधारण पाच कामाचे दिवस मिळतात, वकिलाने कागद तपासायला आणि इन्स्पेक्शन उरकायला. शनिवार-रविवार धरत नाहीत, पण ते भुर्रकन जातात. वकिलाला ऑफर देण्याच्या आधीच फोन करून ठेव, आणि गेल्या तीन वर्षांची टॅक्सची बिलं त्याच दिवशी मागून घे.